गुहागर ते रत्नागिरी किनारा : एकाने सायकलवर आणि एकीने पायी, असा प्रवास जमेल का?

सुरूबन (पुणे)

नमस्कार. गुहागर ते रत्नागिरी हा किनारा आम्हा दोघांना येत्या हिवाळ्यात चार दिवसांत पाहायचा आहे. आमची अडचण थोडी वेगळी असल्यामुळे ती सविस्तर लिहिते.

माझे वय पंचावन्न आहे. रोज सकाळी सहा-सात किलोमीटर चालण्याची सवय आहे. सायकल मात्र शाळा संपल्यावर सुटली ती सुटलीच. यजमानांचे नेमके उलट आहे. गुडघ्यांची झीज झाल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना लांबवर चालण्यास आणि जिने उतरण्यास मनाई केली आहे, परंतु सायकल चालवायला हरकत नाही, किंबहुना ती चालवावीच असा सल्ला दिला आहे, त्यामुळे गेली चार वर्षे ते नियमाने वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवतात. याचा परिणाम असा झाला, की कोठेही फिरायला गेलो तरी दोघांपैकी एकाने गाडीत बसून दुसऱ्याची वाट पाहायची, हे जणू ठरूनच गेले.

मागच्या हिवाळ्यात गुहागरला एका सकाळी मी पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, चालत निघाले आणि ते गावातल्या रस्त्याने सायकलवर निघाले. तो रस्ता किनाऱ्याला समांतर जातो आणि दोहोंच्या मध्ये फक्त घरे, माडा-पोफळीच्या वाड्या आणि सुरूची झाडे आहेत. पुळणीकडे येणाऱ्या प्रत्येक बोळाच्या तोंडाशी ते थांबत आणि झाडांमधून मी दिसले की घंटी वाजवत. लाटांच्या आवाजात ती मला दोनदाच ऐकू आली, पण तासाभराने किनाऱ्याच्या टोकाशी भेटलो तेव्हा कित्येक वर्षांनी आपण दोघे एकाच सहलीला आलो आहोत असे वाटले.

तसाच प्रवास आता रत्नागिरीपर्यंत करण्याचा विचार आहे. सामान घेऊन भाचा गाडीने बरोबर असेल, त्यामुळे मी सगळे अंतर चाललेच पाहिजे असे नाही. दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणे मला पुरेसे आहे. एका गावाच्या पुळणीवरून पुढच्या गावाच्या पुळणीवर किनाऱ्यानेच जाता येते का? दोघांच्या भेटीच्या वेळा कशा जुळवाव्यात? उत्तरेकडून दक्षिणेकडे यावे की उलट जावे? आणि आरे-वारेचा जो रस्ता सगळे जण वाखाणतात, त्यावर पायी चालणे कितपत सुरक्षित आहे? ज्यांनी हा भाग स्वतः चालून किंवा सायकलने पाहिला आहे त्यांनी कृपया लिहावे.

जांभ्याचा_चिरा (रत्नागिरी)

ताई, तुमची कल्पना या किनाऱ्याला अगदी साजेशी आहे, कारण येथे पायांची वाट आणि चाकांची वाट मुळातच वेगवेगळ्या आहेत. आमच्याकडे जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उंचावरचे सपाट माळ, थेट समुद्रापर्यंत येतात आणि कड्याने पाण्यात उतरतात. दोन सड्यांच्या मध्ये एखादी नदी किंवा व्हाळ (ओढा) समुद्राला मिळतो, त्याच्या मुखाशी वाळू साठून पुळण तयार होते आणि पुळणीच्या मागे गाव वसते. गणपतीपुळे या नावातले पुळे ते हेच. म्हणजे पुळण सपाट असली तरी तिला दोन्हीकडे शेवट असतो : बहुधा एका टोकाला कातळ आणि दुसऱ्या टोकाला खाडी. रस्त्याला मात्र गाव सोडले की सडा चढावा लागतो, वर काही अंतर मोकळ्या माळावरून जावे लागते आणि पुढच्या गावासाठी पुन्हा खाली उतरावे लागते.

त्यामुळे सलग किनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत जाता येणार नाही, आणि कातळाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जाण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. एका पुळणीवर मनसोक्त चालावे, टोकाला यजमानांना भेटावे आणि मधला सडा गाडीने ओलांडावा. ज्या गावांत जुन्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, शाबूत आहेत तेथे त्या चढून सड्यावर जाता येते. पण पाखाडी कुणाच्या तरी आगरातून किंवा आंब्याच्या बागेजवळून जाते, बागेला राखण असते आणि राखणीला कुत्रेही असतात, म्हणून वाडीत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. विचारले तर लोक नुसती वाट सांगत नाहीत, पहिल्या वळणापर्यंत सोडायलाही येतात.

भेटीच्या वेळा जुळवण्याचे म्हणाल, तर त्या अंतरावरून ठरवू नका, भरती-सुकतीवरून ठरवा (सुकती म्हणजे ओहोटी). आमच्याकडे जुन्या माणसांचा हिशेब असा आहे, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे सकाळी नऊच्या पुढे-मागे पूर्ण सुकती. अष्टमीला भरती सहाला, तर पौर्णिमेला सव्वाअकराला. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि त्याच्याबरोबर भरतीही तेवढीच पुढे सरकते, हे त्यामागचे कारण. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो. मिनिटाचा नेमकेपणा हवा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत. चालण्यासाठी मात्र हा हिशेब पुरतो आणि तो बोटांवर करता येतो.

आता तुमच्या चार दिवसांना तो लावून पाहा. अष्टमीला सुकती ऐन दुपारी बाराच्या पुढे येते, म्हणजे चालण्याची सकाळ अर्ध्या भरतीत जाते आणि पायाखाली मऊ, धसणारी कोरडी वाळू येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, सुकती संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते आणि पुळण सर्वांत रुंद होते. संध्याकाळी चालणाऱ्यांसाठी ते दिवस उत्तम. तुम्ही सकाळी चालणाऱ्या आहात, म्हणून तृतीया ते षष्ठी हे चार दिवस धरा. तृतीयेला सव्वाआठ-साडेआठला सुकती, त्या दिवशी गुहागरची सुमारे सहा किलोमीटरची सरळ पुळण या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. यजमानांनी वरचा पाट या वस्तीपासून खालचा पाट या वस्तीपर्यंत गावातून यावे. चतुर्थीला सकाळी वेळणेश्वरच्या पुळणीवर चालून दुपारी तीनपर्यंत हेदवीला पोहोचा. तेथे उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळाला पडलेली बामणघळ नावाची अरुंद घळ आहे. सुकतीच्या वेळी तेथे पाहण्यासारखे फारसे काही नसते. भरतीला मात्र लाट त्या चिंचोळ्या फटीत शिरते आणि कोंडलेले पाणी उंच उसळते. कडेपासून चार हात दूर उभे राहा, कारण कातळ ओला आणि शेवाळलेला असतो. सकाळी सुकतीत चालणे आणि दुपारी भरतीत घळ पाहणे, हे दोन्ही एकाच दिवशी जमवून देणाऱ्या तिथी थोड्याच असतात.

पंचमीला तवसाळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरा. बोटीत गाड्या जातात तशी सायकलही जाते. जयगडच्या बाजूला बंदराच्या मालट्रकांची वर्दळ असते, तेवढा भाग यजमानांनी जपून काढावा. मुक्काम मालगुंडला करा. केशवसुतांचे हे जन्मगाव आहे आणि त्यांचे स्मारक शांतपणे पाहण्यासारखे आहे. षष्ठीला सकाळी गणपतीपुळ्याला डोंगराची प्रदक्षिणा करा. येथे डोंगरालाच गणपतीचे रूप मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा देवळाला न घालता संपूर्ण डोंगराला घालतात. साधारण किलोमीटरभराची फरसबंद वाट आहे आणि तिचा एक भाग अगदी समुद्रालगत जातो. पाण्यात मात्र उतरू नका, घोट्यापलीकडे तर नाहीच. या किनाऱ्यावर पाय टेकतो टेकतो म्हणेपर्यंत खोली येते आणि ओढ जबरदस्त असते. तेथून भंडारपुळे, नेवरे, आरे, वारे असे करत साखरतरच्या पुलावरून संध्याकाळी रत्नागिरी.

दोन_चाके (पुणे)

वरील प्रतिसाद वाचून या किनाऱ्यावरचे माझे दोन प्रवास आठवले. त्यांत सायकलच्या बाजूने थोडी भर घालतो.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हा समज पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला पहिल्याच दिवशी सोडावा लागतो. चढ फार लांब नसतात, पण ते एकामागून एक येतात, आणि घाटासारखे वळणावळणाने चढवण्याऐवजी काही ठिकाणी सरळ छातीवर येतात. त्यामुळे दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरच ठरवावेत. पुण्याच्या सपाट रस्त्यावरचे चाळीस आणि येथले पंचवीस सारखेच. ज्यांचे गुडघे नाजूक आहेत त्यांनी चढावर उभे राहून पायडल मारू नये. पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चकती लावून, बसूनच, हलके आणि भरभर पाय फिरवावेत. मागच्या चकत्यांमध्ये किमान बत्तीस दात्यांची एक चकती असावी, नसेल तर निघण्यापूर्वी बसवून घ्यावी. निघण्याआधी महिनाभर आठवड्यातून दोनदा पुण्याजवळचा बोपदेव घाट चढला तर आपण कोठे आहोत ते कळेल. उतारावर वळणांच्या बाहेरच्या कडेला जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, तिच्यावर ब्रेक दाबला की चाक घसरते, म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करावा.

दिशेबद्दल माझे मत स्पष्ट आहे : उत्तरेकडून दक्षिणेकडे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो मंद असतो आणि त्रास देत नाही. अकरानंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि दुपारी तो वायव्येकडून चांगलाच जोर धरतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी राहतो. मी एकदा उलट दिशेने गेलो होतो आणि सड्यावरच्या उघड्या माळावर, जेथे आडोशाला एक झुडूपही नव्हते, सपाट रस्त्यावर चढाचे गिअर लावून चाललो होतो.

आता खाऱ्या पाण्याविषयी, कारण याबाबतीत मी स्वतः मोठी चूक केली आहे. ओली घट्ट वाळू पाहून मोह आवरला नाही आणि मी तासभर सायकल लाटांच्या कडेने चालवली. त्या संध्याकाळी सायकल नुसती फडक्याने पुसून ठेवली. तिसऱ्या दिवशी एका चढावर चेन कचकच वाजू लागली, कड्यांच्या सांध्यांवर नारिंगी गंज दिसत होता, आणि चढ संपायच्या आत एक कडी तुटली. पुढचे आठ किलोमीटर मी सायकल हातात धरून चाललो. यजमानांनी शक्यतो पुळणीवर सायकल उतरवूच नये. उतरवलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावी, पाण्याचा झोत आसाजवळच्या बेअरिंगवर मारू नये, चेन कोरड्या कापडाने कडी-कडी पुसावी आणि मग तेलाचा एकेक थेंब द्यावा. पुळणीवर गेला नाहीत तरी समुद्राची खार हवेत असतेच, त्यामुळे चेन रोज पुसणे आवश्यक आहे. जास्तीची ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि चेन जोडणारी एक कडी बरोबर असू द्या; दुकाने गुहागर, गणपतीपुळे आणि रत्नागिरीला मिळतील, मधल्या वाड्यांत त्यांचा भरवसा धरू नये.

सुरूबन (पुणे)

दोघांचेही मनापासून आभार. भरतीचा हा हिशेब लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकल्यासारखा वाटतो, पण त्याचा उपयोग आज प्रथम कळला. एक शंका आहे. दक्षिणेकडे जाताना आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जाणार, म्हणजे समुद्र उजवीकडे, रस्त्याच्या पलीकडे राहणार. मग समुद्रासाठी एवढे जाऊन तो नीट दिसणार तरी का?

खाजण (ठाणे)

ताई, तुमच्या शंकेचे उत्तर चालणाऱ्यांच्या नियमातच आहे. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालायचे असते. दक्षिणेकडे जाताना ती उजवी कड म्हणजेच समुद्राची कड. वारा यजमानांना मिळेल आणि समुद्र तुम्हाला. त्यांनी दर चढाच्या माथ्यावर थांबून पाहावेच, कारण गुडघ्यांनाही ती विश्रांती हवी आहे.

आरे-वारेचा रस्ता मी दोनदा चालले आहे. डोंगराच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंच्या पुळणी एकदम दिसतात, ते दृश्य शब्दांत सांगणे अवघड आहे. परंतु रस्ता अरुंद आहे, वळणे आंधळी आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी दहानंतर पर्यटकांच्या गाड्या वाटेल तेथे थांबतात आणि वाटेल तेथून निघतात. तेथे चालायचे असेल तर सकाळी आठच्या आत. षष्ठीला तुमची सुकती पावणेअकराच्या सुमारास येते, म्हणून क्रम बदलावा असे सुचवते : उजाडताच माथ्यावर जाऊन, उतार चालत खाली या, मग नऊनंतर खालच्या पुळणीवर चाला, आणि गणपतीपुळ्याचे दर्शन व प्रदक्षिणा आदल्या संध्याकाळीच उरका. मालगुंडहून ते जवळच आहे.

कातळाला वळसा घालू नये असे वर लिहिले आहे, ते शब्दशः घ्यावे. काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गात मी आणि माझी मैत्रीण अशाच एका टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर गेलो. जाताना पाणी घोट्याएवढे होते. तेथे शिंपले पाहण्यात तास गेला आणि परतताना तेच पाणी कमरेला लागले. एका लाटेने मैत्रिणीचा तोल गेला, तिचा तळहात कातळावरच्या कालवांनी चिरला, आणि आम्ही मागे फिरून करवंदीच्या जाळ्यांतून सड्यावर चढलो. फोनला रेंज नव्हती. गाव समोर दिसत होते, पण हाका लाटांच्या आवाजात विरून जात होत्या. तेव्हापासून गळ्यात शिट्टी असल्याशिवाय मी पुळणीवर जात नाही. तुम्हा दोघांनाही एकेक घ्या. घंटी ऐकू आली नाही तेथे शिट्टी ऐकू येते.

पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेने चालताना एक पाय सतत खाली पडतो आणि त्या बाजूचा खुबा दुखू लागतो. सुकतीला पाण्याजवळची वाळू जवळजवळ सपाट असते, तिच्यावरून चालावे. घट्ट वाळू कोणती हे पायच सांगतो : पाऊल टाकताच त्याभोवती क्षणभर कोरडे, फिकट वर्तुळ उमटते आणि पाऊल उचलताच ते पुन्हा ओले होते. त्याच पट्ट्यात बारीक खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. भरती चढली की ती सारी पुसली जाते. अनवाणी चालणे पहिला तासभर सुखाचे वाटते, नंतर बोटांच्या मधली कातडी सोलवटते, म्हणून मागे पट्टा असलेल्या सँडल घाला.

एक विनंती. नोव्हेंबर ते मार्च हे दिवस सागरी कासवांच्या विणीचे असतात. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा करून अंडी घालतात, आणि गुहागर व मालगुंड या दोन्ही पुळणींवर त्यांची घरटी असतात. त्यामुळे कोरड्या वाळूत चालणे टाळा आणि पहाटे अंधारात विजेरीचा झोत पुळणीवर फिरवू नका. ट्रॅक्टरच्या चाकासारखी दोन्ही बाजूंनी उमटलेली रांग समुद्रातून वर गेलेली दिसली तर ती कासवाची वाट आहे असे समजा, तेथे काहीही न हलवता गावातल्या कासवमित्रांना कळवा. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळास गावी कासवे जपण्याच्या या कामाची सुरुवात 2002 मध्ये झाली आणि आज गावोगावची माणसे ते आपले काम मानून करतात.

शेवटचे म्हणजे स्वच्छतागृहांचे. पुळणीवर सोय नसते. निघताना मुक्कामी आणि नंतर देवळांजवळ, एवढेच धरून चाला आणि त्या बेताने पाणी प्या. पण पाणी कमी पिऊ नका, हिवाळ्यातही येथे घाम पुष्कळ येतो.

सुरूबन (पुणे)

किती आपुलकीने लिहिलेत! सगळे उतरवून घेतले आहे. तिथींची एक अडचण उरली. मार्गशीर्ष शुद्ध तृतीया ते षष्ठी हे दिवस हवेच्या दृष्टीने उत्तम होते, पण आमच्या घरी खंडोबाचे षड्‌रात्र असते आणि चंपाषष्ठीला तळी भरायची असते, त्यामुळे ते दिवस घर सोडता येणार नाही. वद्य पक्षात गेले तर चतुर्थीला संकष्टी येते आणि गणपतीपुळ्याला गर्दी असेल. काय करावे?

जांभ्याचा_चिरा (रत्नागिरी)

वद्य पक्षच घ्या. संकष्टीच्या दिवशी तुम्ही हेदवीला असाल. तेथेही दशभुज गणपतीच्या दर्शनाला लोक येतात, पण बामणघळीपाशी मोकळीक असते. पंचमीच्या संध्याकाळी तुम्ही गणपतीपुळ्याला याल तोपर्यंत तेथली गर्दी ओसरलेली असेल. मार्गशीर्ष वद्य नाताळच्या सुट्टीत येत असेल तर तो आठवडा टाळून पौष वद्य धरा. जानेवारीत हवा आणखी बरी असते आणि भरती-सुकतीच्या वेळा त्याच राहतात.

वद्य पक्षात एक गोष्ट अधिक मिळेल. तृतीयेला सकाळी सातला तुम्ही गुहागरच्या पुळणीवर उतराल तेव्हा चंद्र अजून मावळलेला नसेल, समोर समुद्रावर पांढुरका दिसत असेल. यजमानांना तेवढ्यापुरते सायकल रस्त्याकडेला लावून पुळणीच्या तोंडाशी उभे राहायला सांगा. बोळातली वाट सपाट आहे, गुडघ्यांना त्रास होणार नाही.

सुरूबन (पुणे)

मग पौष वद्य तृतीया नक्की. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या चार दिवसांच्या चौकोनांत पेन्सिलीने भरतीच्या वेळा लिहिल्या आहेत : सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. यजमानांनी मागची मोठी चकती बसवायला सायकल दुकानात दिली आहे आणि ती परत आली की रविवारपासून बोपदेव घाट सुरू करणार आहेत. परत आल्यावर कोठे किती चालले, कोणता चढ त्यांना जड गेला आणि फेरीबोटीला किती थांबावे लागले, ते येथेच लिहीन.